होकाराआधी त्यांना बोलू द्या

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

धाकटीला आलेल्या निपाणीच्या स्थळाबद्दल मावशीकडून कळलं. मुलगा पुण्यात नोकरीला, घरची ऊसशेती, पत्रिका जुळलेली, आणि येत्या पंधरवड्यात मंडळी बेळगावात आपल्या शहापूरला बघायला येणार. फोनवर यातलं काहीच सलग बोलता येत नाही, म्हणून लिहिते. जोडप्यांना समोर बसवून त्यांचं बोलणं ऐकणं हे माझं रोजचं काम आहे. खाली जे लिहिलंय ते त्या कामातलं आहे, असं समजून दोघांनी एकदा शांतपणे वाचा.

माझं म्हणणं एवढंच आहे: धाकटीचं आणि त्या मुलाचं एखाद्या गोष्टीवर पटत नाही तेव्हा ती दोघं एकमेकांशी कशी बोलतात, हे दिसल्याशिवाय होकार देऊ नका. पगार, शिक्षण, एकर, गुंठे बायोडाटावर लिहिलेले असतात. हे लिहिलेलं नसतं आणि दहा मिनिटांत दिसतही नाही.

पण त्याच्याही आधी तिला विचारा, तुझ्या मनात कुणी आहे काय. कसं विचारता यावर उत्तर अवलंबून आहे. आत्या, काकू समोर असताना नको, जेवायच्या ताटावर नको, आणि स्थळ येण्याच्या आदल्या दिवशी तर नकोच. आईनं एकटीनं विचारावं आणि आधीच सांगून टाकावं, "तू काहीही सांगितलंस तरी आज मी त्यावर काही बोलणार नाही, दोन दिवसांनी बोलू." ते दोन दिवस खरंच पाळायचे. पहिल्याच मिनिटाला "कोण, कुठला, कुठल्या जातीचा?" अशी उलटतपासणी झाली की मुली "कुणी नाही" म्हणून मोकळ्या होतात आणि मग लपवाछपवी सुरू होते. मुलगा कन्नड बोलणारा निघाला, तरी दचकू नका. चिकोडी-निपाणीच्या पट्ट्यात घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. अशा जोडप्यांत भाषेमुळं होणारी भांडणं थोडी असतात आणि ती एकाच ठिकाणी अडतात: सासरचे सगळे एकत्र बसून आपल्या भाषेत हसतात आणि सून बाजूला पडते. त्यावर उपाय नवऱ्याच्या हातात असतो, तिथल्या तिथं तिला अर्थ सांगत राहणं. मुलांची शाळा कुठल्या माध्यमाची, हेही लग्नाआधी बोलून ठेवायचं. धर्म वेगळा असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी होते, त्याला तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. दोघंही हिंदू असतील तर भाषा वेगळी असली तरी १९५५ चा हिंदू विवाह कायदाच पुरतो.

आणि "मनात कुणी नाही, आणि सध्या लग्नही नको" असं म्हणाली तर? तेही उत्तर आहे. तिशीकडं आलेल्या मुलीला दर फोनला "मग काय ठरवलंस?" विचारल्यानं ती लग्नाला तयार होत नाही, फोन उचलायचा थांबते. वर्षातून एकदा नीट बसून बोला, मध्ये विषय काढू नका.

आता बघण्याचा कार्यक्रम. हॉलमध्ये पंधरा माणसं, पोह्यांच्या बशा, मग कुणीतरी म्हणतं, "जा, गच्चीवर बोला जरा दोघं." खाली सगळे जिन्याकडं कान लावून बसलेले. त्यात दोघं एकमेकांना छंद विचारतात आणि खाली येतात. हा कार्यक्रम शेवटी ठेवा. आधी दोघांना फोनवर अर्धा-अर्धा तास दोनदा बोलू द्या. मग बाहेर एक भेट, दीड-दोन तासांची, बरोबर कुणी नको. टिळकवाडीतलं एखादं निवांत हॉटेल चालेल, पण किल्ला तलावाकाठी फिरणं त्याहून बरं. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत जे बोलवत नाही ते शेजारून चालताना सहज निघतं. जागा माणसं असलेली असावी, दिवसाची वेळ असावी, येणं-जाणं आपल्या गाडीनं असावं.

दुसऱ्या भेटीत काहीतरी काम असू द्या. खडे बाजारात सणाच्या गर्दीत एखादी खरेदी, एवढं पुरे. गाडी लावायला जागा मिळत नाही, दुकानदार भाव सोडत नाही, एकाला भूक लागलेली असते, अशा वेळी माणूस कळतो. मग तो आपल्याकडं अर्धा दिवस, ती त्यांच्याकडं अर्धा दिवस. तिथं तिनं त्याच्या वहिनीकडं लक्ष द्यावं: ती जेवायला कधी बसते, तिचं बोलणं कुणी मध्येच तोडतं काय. हे सगळं सहा ते आठ आठवड्यांत होतं. घाई कुणीही करो, त्यांनी किंवा आपण, कारण विचारायचं. "मुहूर्त पुढं नाही" हे कारण पटण्यासारखं असेल, "दुसरं स्थळ बघतोय" हा दबाव आहे.

न पटण्यावर एवढा भर का, ते सांगते. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी १९८६ मध्ये एक प्रयोगशाळा काढली. नवरा-बायकोला वादाच्या एखाद्या विषयावर बोलायला लावायचं, चित्रण करायचं, नाडी मोजायची, आणि काही वर्षांनी त्यांचं काय झालं ते बघायचं. त्यातून दिसलं की जोडप्यांच्या वादांपैकी सुमारे ६९ टक्के कधीच मिटत नाहीत. एकाला बचत हवी, दुसऱ्याला खर्च. एकाला पाहुणे हवेत, दुसऱ्याला शांतता. सुखी जोडप्यांतही हे वाद म्हातारपणापर्यंत असतात. फरक बोलण्याच्या रीतीत पडतो. वाद चालू असतानाही चांगल्या जोडप्यांत एका टोचऱ्या वाक्यामागं पाच बरी वाक्यं, एखादी मान डोलावणं, एखादं हसू असतं. तेव्हा "आमच्यात कधी भांडणच होत नाही" असं मुलगा-मुलगी म्हणाली तर मला काळजी वाटते. म्हणजे अजून काही बोललंच गेलेलं नाही.

गॉटमन यांनी चार वाईट रीती वेगळ्या काढल्या. स्वभावावर टीका, तुच्छता, स्वतःचाच बचाव, आणि तोंड मिटून बसणं. तक्रार आणि टीका यांतला फरक धाकटीला नीट समजू दे. "काल सिलिंडरचा नंबर लावायचा राहिला, आज लावशील काय?" ही तक्रार झाली, एका कामापुरती. "तुला कधी काही लक्षात राहतंय काय?" ही टीका, अख्ख्या माणसावर. टीका झाली की समोरचा बचावाला उभा राहतो, "आणि तू परवा काय केलीस?" मग सिलिंडर बाजूलाच राहतो.

चौघांत सगळ्यात घातक तुच्छता. डोळे फिरवणं, नक्कल करणं, माहेरावरून टोमणा, शिक्षणावरून हसणं. लग्न मोडण्याचा सर्वांत ठळक इशारा याच सवयीत सापडला. ती जोडपी तिकडची, दोघंच एका घरात राहणारी. आपल्याकडं शेजारच्या खोलीत सासू, नणंद, पाहुणे असतात, म्हणून आपल्याकडं तुच्छता चारचौघांत होते आणि जास्त खोल लागते, असं मला वाटतं. पहिल्या भेटीतच बघायचं: हॉटेलातल्या पोऱ्याकडून पाणी सांडलं तर मुलगा त्याच्याशी कसा बोलतो, आणि आपल्या आईचं कौतुक सांगताना वहिनीला खाली ओढतो काय.

चौथी रीत अबोल्याची. राग चढला की नाडी मिनिटाला शंभरच्या वर जाते, आणि मग ऐकू येतं ते डोक्यात शिरत नाही. अशा वेळी थांबणं शहाणपणाचं असतं, पण थांबायची एक पद्धत आहे. "मला आत्ता बोलवत नाही, अर्ध्या तासानं परत बसू" असं सांगून उठायचं. शरीर निवायला किमान वीस मिनिटं लागतात. त्या वेळात झाडांना पाणी घाला, फिरून या. "तिनं असं म्हटलं, मी असं म्हणायला हवं होतं" हे घोळवत बसलं तर नाडी खाली येत नाही. आणि सांगितलेल्या वेळी परत यायचंच. जो थांबला त्यानंच विषय पुन्हा काढायचा. यात चुकतं ते इथंच: परत कुणी येत नाही, वीस मिनिटांचे चार दिवस होतात, आणि न बोलणं ही शिक्षा होऊन बसते.

मुलाची ही बाजू ओळखायला धाकटीनं एखाद्या छोट्या गोष्टीला स्पष्ट "नाही" म्हणून बघावं. ठरलेली वेळ बदल म्हणावं, त्यानं सुचवलेलं ठिकाण नको म्हणावं, खरं कारण सांगून. "बरं, मग कधी?" असं उत्तर आलं तर चांगलं. रुसवा, दहा मेसेज, "माझ्यासाठी एवढंही नाही?" असं आलं तर लिहून ठेवायचं. "पोचलीस की कळव" ही काळजी आहे. "कुठं आहेस, फोटो पाठव, बरोबर कोण आहे" हा ताबा आहे. फोनचा पासवर्ड मागणं, मैत्रिणी तोडायला लावणं, दोन आठवड्यांत "तुझ्याशिवाय जगू शकत नाही" म्हणणं, नोकरी सोडायचं वचन आधीच घेणं, यांतलं एक जरी वारंवार दिसलं तरी स्थळ सोडा, पत्रिकेत कितीही गुण जुळले असोत. हात उगारणं तर एकदाही नाही. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक तिच्या फोनमध्ये असू देत.

विचारायच्या गोष्टी बऱ्याच आहेत, मी मोजक्या सांगते. पैसा पहिला. पगार किती यापेक्षा कर्ज किती, सोसायटीचं पीककर्ज कुणाच्या नावावर, ऊसबिल लांबलं की घर मुलाच्या पगारावर चालतं काय, आणि लग्नानंतर दर महिन्याला गावी किती पाठवायचे. पाठवण्यात वाईट काहीच नाही, तीही तुम्हाला पाठवेल. आकडा मात्र दोघांना आधी माहीत हवा. मग राहणार कुठं, पाच वर्षांनी गावी परतायचं मनात आहे काय, मुलं हवीत काय आणि कधी, म्हातारपणी दोन्हीकडच्या आई-वडिलांचं कोण बघणार. "बघू नंतर" हे उत्तर दोनदा आलं तर ते "नाही" असू शकतं, असं धरून पुन्हा विचारायचं.

रक्ततपासणीचं बाबांनी मुलाच्या वडिलांशी सरळ बोलावं. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक आहे की नाही हे एचपीएलसी नावाच्या साध्या रक्ततपासणीत कळतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते, म्हणून आधी कळलेलं बरं. एकच रक्तगट असला की लग्न करू नये ही समजूत मात्र खोटी आहे. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात, त्यासाठी सोयरीक मोडायचं काही कारण नाही.

याद्यांच्या बैठकीत देण्या-घेण्याचा विषय निघाला, "आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला हवं ते द्या" अशा गोड भाषेतसुद्धा, तर बाबा, तिथंच बैठक थांबवा. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानं घेणारा जसा गुन्हेगार तसा देणाराही.

आता थोडं तुमच्या दोघांबद्दल लिहिते, राग मानू नका. न पटल्यावर कसं बोलायचं हे धाकटी तुमच्याकडं बघूनच शिकलीय. माणूस दिवसभर छोटे-छोटे आवाज देत असतो: "बघा, गुलबक्षीला कळी आली", "आज पाय दुखतोय". गॉटमन यांच्या एका पाहणीत, लग्नाला सहा वर्षं झाल्यावर एकत्र असलेल्या जोडप्यांनी अशा आवाजांना शंभरातून ८६ वेळा ओ दिली होती, आणि वेगळ्या झालेल्यांनी ३३ वेळा. ओ म्हणजे मोठं काही नाही, मान वर करून "कुठंय?" एवढं. बाबा, निवृत्तीनंतर तुम्ही दिवसभर घरात आहात, तेव्हा हे आवाज आता तुमच्याच वाट्याला येतात. आईनं काही सांगायला घेतलं की लगेच उपाय सांगू नका. आधी विचारा, "काय करू सांगू, की नुसतं ऐकू?" दुपारच्या चहाला टीव्ही बंद करून वीस मिनिटं. विषय घराबाहेरचा, दहा मिनिटं एकानं बोलायचं, दहा दुसऱ्यानं.

आणि आई, ते "ऐकूनच घेत नाहीत" असं तुला वाटतं तेव्हा कानही एक कारण असू शकतं. साठीनंतर बारीक, उंच आवाज आधी जातात, स, श, फ यांसारखे. कुणी बोलतंय हे कळतं पण शब्द नीट उमगत नाहीत, "साठ"चं "आठ" होतं, टीव्ही चालू असेल तर आणखीच. मग तू आवाज चढवतेस, तो त्यांना रागाचा वाटतो, आणि भांडण सुरू होतं. कान-नाक-घसा डॉक्टरांकडं दोघांचीही ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. तोवर समोर येऊन, चेहरा दिसेल असं, सावकाश बोल. दुसऱ्या खोलीतून हाक मारू नकोस.

निपाणीकरांचा फोन आला तर बाबांनी एवढंच सांगावं: "मुलं आधी आपसात दोनदा बोलू देत, मग भेटू देत, मग आपण बसू." ऐकून ते नाराज झाले, तर तेवढं आपल्याला पहिल्याच फोनवर कळलं. मुलाचा नंबर धाकटीला विचारूनच तिला द्या, आणि तिचा नंबर तिला विचारल्याशिवाय त्यांना देऊ नका.

तुमची,
थोरली