आजीच्या आईचं माहेर कुठलं, तेवढं विचारून ठेवा

ती. आण्णा आणि आईस सा. न., आणि आजीला वेगळा नमस्कार, नाहीतर ती म्हणणार पोरगी मला विसरली.

मी मजेत आहे. ड्युटी, थंडी, जेवण हे सगळं फोनवर होतंच, ते परत लिहीत बसत नाही. मागच्या वेळी मी घाईत नुसतं "बाईंच्या थुंकीचा रिपोर्ट आला" एवढंच म्हटलं आणि दादाच्या मेसेजवरून दिसतंय की तिकडे त्याचं भलतंच काहीतरी झालंय. आजी म्हणते परक्या मुलखात थुंकी, केस, नखं कुणाला द्यायची नसतात, करणी करतात. आण्णांना वाटतंय बाईंना काहीतरी मोठा आजार आहे आणि मी लपवतेय. आणि आईचं नेहमीचं, की तुला त्या म्हातारीनं फुकटची नर्स म्हणून ठेवून घेतलंय. तर आई, तसं काही नाही. त्या माझ्या घरमालकीण आहेत, भाडं पूर्ण घेतात, एक पौंड कमी करत नाहीत आणि स्वतःची भांडी स्वतः घासतात. आण्णा, त्यांना बीपीची गोळी सोडून काही नाही. आणि आजी, थुंकी माझी नव्हतीच, त्यांची होती.

आता हे थुंकी प्रकरण नीट सांगते, कारण इथे येऊन इतके दिवस झाले तरी मला पण हे पूर्ण पचलेलं नाही. इथे स्कॉटलंडमध्ये म्हाताऱ्या माणसांना रिटायर झाल्यावर एक वेड लागतं, आपले पूर्वज शोधायचं. म्हणजे श्राद्धासाठी नाही, जमिनीच्या वाटणीसाठी नाही, कोर्टात केस आहे म्हणून पण नाही. उगाच. त्यासाठी पैसे भरून एक छोटी प्लास्टिकची नळी मागवायची, अर्धा तास काही खायचं प्यायचं नाही, मग त्यात खुणेपर्यंत थुंकायचं (हे वाटतं तितकं सोपं नाही, बाई बराच वेळ बसल्या होत्या, मला हसू आवरेना), झाकण लावून पोस्टात टाकायचं. काही आठवड्यांनी ईमेल येतो की जगात अमुक अमुक लोक तुमच्या रक्ताचे आहेत. दादा, तू विचारलंस की हे कसं कळतं. आईकडून अर्धा, बापाकडून अर्धा डीएनए येतो, तो पिढ्यानपिढ्या तुकडे होत खाली उतरतो, आणि दोन माणसांत सारखे तुकडे किती लांबीचे आहेत ते सेंटीमॉर्गनमध्ये मोजतात. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत साधारण ८५० निघतात. बाईंना कॅनडातली एक बाई सापडली तिच्याशी निघाले १९. मी म्हटलं एवढ्यावर काय नातं, तर त्या म्हणाल्या एवढ्या लांबच्या नात्यात पुष्कळदा काहीच जुळत नाही, १९ म्हणजे नशीब. त्यांच्या धाकट्या बहिणीनं पण टेस्ट केलीय, आणि रिपोर्टात कुठल्या मुलखाचं रक्त किती टक्के तेही येतं, तर तिच्यात नॉर्वेचा टक्का जास्त आला म्हणून दोघींची चक्क भांडणं झाली. सख्ख्या बहिणी आहेत, पण दोघींनाही आईबापाचा अर्धाच मिळतो आणि तोच अर्धा मिळतो असं नाही, त्यामुळे टक्के वेगळे येतात. हे मी समजावलं. नर्सिंगचा उपयोग एवढाच झाला.

आणि आण्णा, मी माझी टेस्ट केलेली नाही आणि करणार पण नाही. तुम्ही बातमी पाठवली होती ती खरी आहे, २०२३ मध्ये अशा एका मोठ्या अमेरिकन कंपनीतून लाखो लोकांची माहिती चोरीला गेली होती. मी लहान नाहीये.

पण नुसत्या थुंकीनं काही होत नाही, ती फक्त सांगते नातं आहे, कसं आहे ते कागदातच शोधावं लागतं. आणि कागद इथे असा जपलाय की बघत राहावं. आपल्याकडे सुगी झाली की हेळवी यायचा ना बैल घेऊन, ओट्यावर बसून खापरपणजोबापासून सगळी नावं धडाधड वाचायचा आणि पायलीभर जोंधळे घेऊन जायचा, तसा इथला हेळवी म्हणजे एडिंबराची जनरल रजिस्टर हाऊस नावाची इमारत. भर प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला, समोर घोड्यावरचा वेलिंग्टन. पायाचा दगड १७७४ चा. आत मोठा घुमट, आणि त्याच्या आसपासच्या खोल्यांत कॉम्प्युटरपुढे सगळी चष्मेवाली मंडळी. एका दिवसाच्या खुर्चीचे तेव्हा १५ पौंड होते. सुट्टी होती म्हणून बाईंबरोबर गेले, माझं काम काय तर त्यांना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून वाचून दाखवायचं. (आई, हे पण "फुकटची नर्स" मध्ये धरू नकोस. मला मजा आली.)

स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून जन्म, लग्न, मृत्यू सगळं सरकारी रजिस्टरात सक्तीनं नोंदवलेलं आहे. त्याआधीचं चर्चच्या वह्यांतून, सगळ्यात जुनी वही १५५३ सालची, एरल नावाच्या गावची. म्हणजे आपल्याकडे महाराजांच्या आधीची, तेव्हा हे लोक गावातल्या पोरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवत होते. आणि आई तुला आवडेल असं, इथल्या जन्माच्या नोंदीत वेळ लिहिलेली असते, तास-मिनिटासकट! शेजारच्या इंग्लंडमध्ये जुळी सोडून कुणाची वेळ लिहीत नाहीत, इथे सगळ्यांची. मी बाईंना म्हटलं तुमच्या पणजोबांची पत्रिका मांडता येईल. त्यांना पत्रिका म्हणजे काय ते सांगण्यात अख्खा चहा गेला आणि शेवटी त्यांनी विचारलं की तुझी कोण बघतं. तो विषय मी तिथेच बंद केला. इथे पण बंदच ठेवू, शेवटी येतेच.

तर ते पणजोबा. जन्म १८५८, पहाटे ३ वाजून २० मिनिटं. आईचं नाव आहे, मोलकरीण, वय लिहिलेलं नाही पण जनगणनेवरून बावीस. बापाची जागा कोरी. आणि पोराच्या नावाखाली स्पष्ट अक्षरात लिहिलंय, अनौरस. खाली नोंद देणाऱ्याची सही पाहिजे तिथे आईनं एक फुली मारलीय, फुलीच्या दोन्ही बाजूंना कारकुनानं लिहिलंय की ही तिची खूण. फुलीची एक रेघ सरळ आहे आणि दुसरी मधेच थांबून परत ओढलेली, पेन कधी धरलं नसेल तिनं. मला एकदम कसंतरी झालं, म्हटलं आता यांना कसं वाचून दाखवू. आपल्याकडे असं काही निघालं असतं तर आण्णांनी तो कागद परत ट्रंकेत ठेवून वरून कुलूप लावलं असतं. मी हळूच वाचलं, तर बाई खुर्चीतच टाळ्या वाजवायला लागल्या! शेजारच्या दोन अनोळखी म्हाताऱ्या उठून बघायला आल्या, अभिनंदन केलं, एकीनं सांगितलं माझ्याकडे असे तीन आहेत. खरंच सांगते. पूर्वज तुरुंगात गेला, दारू पिऊन चर्चमध्ये दंगा केला, लग्नाआधी मूल झालं, की या लोकांना लॉटरी लागल्यासारखं होतं. सरळ वागून मेलेल्या माणसाला इथे कुणी विचारत नाही.

त्याला कारण पण आहे, गुन्हा केला की कागद होतो. जुन्या चर्चच्या पंचमंडळाची इतिवृत्तं आहेत, त्यात अशा बायकांना बोलावून बाप कोण, कुठे भेटलात, कधी, सगळं खोदून विचारलेलं आहे आणि लिहून ठेवलंय. सगळ्या गावासमोर चर्चमध्ये पापाच्या स्टुलावर बसवायचे. वाचताना राग येतो खरं तर. पण त्याच वह्यांमुळे आज दोन-तीनशे वर्षांनी बापाचं नाव सापडतं हे पण आहेच. बाईंच्या बाबतीत समासात एक बारीक टीप होती, तिच्यावरून दुरुस्तीच्या वेगळ्या रजिस्टरात गेलो, तिथे डॉर्नॉकच्या कोर्टाचा निकाल. बावीस वर्षांची, सही न येणारी मोलकरीण, तिनं त्या माणसावर कोर्टात दावा लावला आणि जिंकली. अमुक नांगऱ्या हाच मुलाचा बाप. बाई तेव्हा मात्र गप्प झाल्या, मग म्हणाल्या, चल, चहा मी देते. पहिल्यांदाच!

आणि कॅनडावाली? ती त्या मोलकरणीच्या बापाकडून. तो जन्मला किल्डोनन नावाच्या खोऱ्यात, सदरलंड परगण्यात, इथून वर उत्तरेला. १८१३ ला तिथली कुळं काढायला सुरुवात झाली, मेंढरं चारायला जमीन पाहिजे म्हणून. माणसांपेक्षा मेंढीत पैसा जास्त होता. लोकांनी विरोध केला, तर सैन्य आणलं. काही जण समुद्रकाठी हेल्म्सडेलला हेरिंग मासे पकडायला बसवले, ज्यांनी जन्मात होडी बघितली नव्हती असे शेतकरी. आणि काही त्याच वर्षी जहाजानं कॅनडात गेले, बोटीवर टायफसची साथ, उतरले भलत्याच ठिकाणी चर्चिलला, थंडी तिथेच काढून पुढे बर्फातून चालत. ज्या भागात शेवटी पोचले ते आता विनिपेग शहर आहे आणि त्यातल्या वस्तीचं नाव अजून किल्डोनन आहे. बाईंच्या पूर्वजाचा थोरला भाऊ त्यात होता असं दिसतं. तेच ते १९.

आम्ही हेल्म्सडेलला जाऊन आलो ट्रेननं (बर्फ नव्हता, स्वेटर, टोपी, सगळं होतं). तिथे २००७ मध्ये बसवलेला पुतळा आहे, बाप, पोरगा आणि पोराला घेतलेली आई. बाप पुढे बघतोय आणि ती बाई वळून मागे खोऱ्याकडे बघतेय. तसाच्या तसा एक विनिपेगला आहे. बाईंनी माझा तिथे फोटो काढला, तो पाठवला नव्हता कारण त्यात मी बारीक दिसतेय आणि मग आई जेवणावरून सुरू होईल. मी जेवते.

आता मुद्द्याचं. इथे लग्न झालं तरी कागदावर बाईचं माहेरचं आडनाव जात नाही. जन्माची नोंद असू दे, मरणाची असू दे, आईचं माहेरचं नाव लिहिलेलंच असतं, जुन्या थडग्यांवर सुद्धा नवऱ्याखाली बायको तिच्या माहेरच्या आडनावानं. म्हणून बाई त्या मोलकरणीपर्यंत पोचल्या. मी घरी येऊन रात्री आपली वंशावळ लिहायला बसले, हेळव्यानं सांगितलेली सात नावं मला अजून तोंडपाठ आहेत. सातही पुरुष. आजीचं नाव सुद्धा त्यात नाही, पणजीचं सोडाच. दादाचं आहे, माझं नाही. तक्रार नाही करत, पण आजी बसलीय अजून समोर, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डोकं लख्ख आहे, तर दादा, एक दिवस मोबाईल रेकॉर्डिंगला लावून तिच्याजवळ बस. तिच्या आईचं नाव काय, तिचं माहेर कुठलं गाव, तिची आजी कोण, भाऊ किती, कुणाला कुठे दिलं. ती आधी म्हणेल काय करायचंय मेल्यांचं. मी विचारलंय म्हणून सांग. ऑपरेशनला मी आले नाही म्हणून ती बोलत नसेल तर तेही सांग की रजा मागितली होती, मिळाली नाही, एवढंच होतं. त्या दिवशी मी ड्युटीवर सगळ्या म्हाताऱ्या पेशंटना उगाच दोन-दोनदा पाणी विचारत होते.

पैसे पाठवलेत, दीड लाख. सोसायटीचं कर्ज आधी भरा, बेदाण्याच्या शेडचं नंतर बघू. दादा, भाव पडलाय म्हणून माल घाईनं विकू नकोस, कोल्ड स्टोरेजचं भाडं मी देते, पण आण्णांना सांगू नकोस, म्हणजे आता हे तूच वाचून दाखवतोयस तर ही ओळ गाळ.

गौरी-गणपतीला जमणार नाही. आई, रागावू नकोस, मेमध्ये नक्की, तिकीट बघून ठेवलंय. आणि इचलकरंजीच्या स्थळाचं. मुलगा चांगला आहे, मी व्हिडिओ कॉलवर दोनदा बोलले, वाईट काही नाही. पण त्याच्या आईनं विचारलं की लग्नानंतर पासपोर्टवर नाव कधी बदलणार, आणि मी म्हटलं बदलणार नाही, तर त्या हसल्या, त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी गंमत केली नव्हती. हे त्या बाईंच्या घरात राहून डोक्यात शिरलंय असं तुम्ही म्हणणार, तर म्हणा. आण्णा, तुम्ही एकदा त्यांना स्पष्ट विचारा, चालत असेल तर मेमध्ये भेटायला मी तयार आहे, नसेल चालत तर नाही कळवा, उगाच त्यांना आणि आपल्याला लटकत ठेवायला नको. आत्याला मी वेगळं समजावते, स्थळ तिनं आणलंय म्हणून ती फुगून बसू नये.

पैसे जमा झाले की सोसायटीच्या पावतीचा फोटो पाठवा, बँकेचा मेसेज नको, पावतीच.

तुमची,
छकुली