गोटू उपाशी आहे, बिमार नाई

बाबू,

तू काल धाडलेला गोटूचा फोटो झूम करून पायला. उनचाट्याचे खवले तांबडे पायजे, याचे पांढरे पडले, शेपटीपाशी तर दव जमलं. डॉक्टरकडे नेऊ नको, तिकडच्या डॉक्टरनं उनचाट्या कधी पायला असन का? बिमार नाई तो, उपाशी आहे, ऊबच त्याचं खाणं. काखेत बोट घालून पायजो, गार लागलं म्हणजे भूक.

आता इकडं तो काय खाते ते आठव. मे मईन्यात आपल्याकडे 45-46 जाते, नवतप्यात तर पोट्टं दुपारी टिनावर उताणं पडून रायते अन खालच्या खोलीत कुलर बंद केला तरी चालते, आजीले तर त्याच्याबिगर झोपच नाई, शेजारचे लोकं रोज विचारते का तासभर आमच्याकडे सोडता का म्हणून. सोयाबीन निघालं का तो गंजीत घुसते. ओली गंजी आतून तापते ना, बरोबर तिथंच जाऊन बसते, अन तुह्ये बाबा त्याच्यावरून पायतात कोणता भाग उलटून वाळवाचा. पुण्याच्या डिसेंबरात, सकाळी 10-12 अंशात, त्याले काय भेटीन सांग बरं.

गॅसच्या बर्नरवर अजिबात ठेवू नको. एकदम तेज आच गिळली का ढेकर येते, अन त्याची ढेकर म्हणजे नुसती वाफ, रूमचा पडदा गेला म्हणून समज, मग घरमालक डिपॉझिट देते का? पोळ्या झाल्या का गॅस बंद करजो, तवा खाली घेजो, वर जाड फडकं टाकजो अन मग गोटूले सोडजो. आधी तो गळ्याखालची कातडी फडक्याले लावून पायते, ती फडफडली का चारही पाय पसरून पार चपटा होते, डोळे मिटते, अन तवा थंडा होईस्तोर हलत नाई. पोट भरलं का खवल्यातून टिकटिक आवाज येते. तो आवाज आल्याशिवाय उचलू नको, चावते.

रात्रीसाठी जुना पिवळा बल्ब लावजो, पोल्ट्रीत पिलायले लावते तसा. एलईडी काई कामाचा नाई, त्यात उजेडच असते, ताप नसल्यातच जमा. लॅपटॉपच्या पंख्यापाशी बसला तर बसू दे, दोघायचंही भलं होते.

पांघरुणात मात्र घेऊ नको, कितीही लाडात आला तरी. तुह्यीच ऊब ओढते तो, सकाळी तू आखडलेला अन तो टिकटिक करत. अन कोणाले ताप आला म्हणून त्याले कपाळावर ठेवाचे धंदे करू नका, इकडं लोकं करते ते मले पटत नाई. ताप कुठं संपला अन अंगाची ऊब कुठून सुरू झाली हे त्याले समजत नाई, तो ओढतच रायते. ताप आला तर गोळी घ्या, दवाखान्यात जा.

आंघोळ पान्यानं नाई, राखेनं. मी पऱ्हाट्याची राख चाळून पिशवी भरली आहे, परातीत पसरवजो, तो आपोआप लोळते.

एवढं करून बी जमत नसन तर होळीपर्यंत घरी आणून सोड, बाबा म्हणते चुलीपाशी राईन. एसीच्या गाडीत आणू नको, साध्या बसमंधी पुढं इंजिनजवळची सीट घेजो, ड्रायव्हरले आधी सांगून ठेवजो नाईतर इंजिन काहून थंडं पडून रायलं म्हणून तो रस्त्यात गाडी उभी करीन.

राख घेऊन काकाचा पोट्टा रविवारी सकाळी येऊन रायला, त्याले स्टेशनवर घ्याले जाजो. पिशवीत खाली तिळाचे लाडू आहे, डबा नीट पुसून उघडजो.

तुही आई