पेरोचे तक्ते आणि पेरोची माघार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "ज्याचं पोट आधीच भरलंय तो खाणार नाही. असाच माणूस अपक्ष म्हणून निवडून द्यावा." मला लगेच रॉस पेरो आठवला, १९९२ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाला अपक्ष उभा राहिलेला अब्जाधीश, पण ती गोष्ट फोनवर उरकण्यासारखी नव्हती.

टेक्सासचा हा गडी आयबीएममध्ये सेल्समन होता. १९६२ साली वर्षाचं टार्गेट त्यानं जानेवारीतच संपवलं आणि त्याच वर्षी हजार डॉलरवर डॅलसला ईडीएस ही संगणकसेवा कंपनी काढली. (तीच ईडीएस, जिनं २००६ साली तुमची एम्फसिस ही आयटी कंपनी घेतली. तोवर पेरोचा तिच्याशी संबंध उरला नव्हता.) सरकारी आरोग्यविम्याचे हिशेब संगणकावर करून देण्याच्या कंत्राटांनी तो गब्बर झाला. पुढे आयुष्यभर सरकारी उधळपट्टीवर तोंडसुख घेतलं ते यानंच!

फेब्रुवारी १९९२मध्ये लॅरी किंगच्या टीव्ही कार्यक्रमात तो म्हणाला, पन्नासही राज्यांत मतपत्रिकेवर माझं नाव तुम्ही आणा, मी उभा राहतो. तिकडे प्रत्येक राज्याचे नियम निराळे, आणि सह्या हजारोंनी लागतात. लोक खरोखरच टेबलं टाकून सह्या गोळा करायला बसले. जूनमध्ये गॅलपच्या जनमत पाहणीत पेरो ३९ टक्के, तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष बुश ३१, डेमोक्रॅटिक पक्षाचे क्लिंटन २५. आणि १६ जुलैला स्वारीनं माघार घेतली. आधी कारण दिलं, डेमोक्रॅटिक पक्षात पुन्हा जीव आलाय. नंतर म्हणाला, बुशची माणसं माझ्या मुलीच्या लग्नात विघ्न आणणार होती. पुरावा काही दिला नाही. १ ऑक्टोबरला पुन्हा मैदानात!

त्याला कुणाचं देणं नव्हतं, हे तुझं म्हणणं बरोबर. पण म्हणूनच निघून जाताना त्या टेबलावरच्या लोकांना विचारावं, असंही त्याला वाटलं नाही. पक्षाच्या माणसाला निदान पक्ष तरी धरून ठेवतो.

त्याचे तक्ते मात्र मला मनापासून आवडतात. टीव्हीवर स्वतःच्या पैशानं अर्धा अर्धा तास विकत घेऊन हा मोठ्या कानांचा माणूस टेबलाशी बसायचा आणि हातात छडी घेऊन देशाच्या कर्जाचे आलेख दाखवायचा. पहिला कार्यक्रम सुमारे दीड कोटी लोकांनी पाहिला. वादविवादात अनुभवाचा मुद्दा निघाला तेव्हा म्हणाला, चार ट्रिलियन डॉलरचं कर्ज करून ठेवण्याचा अनुभव मला नाही.

सहा कोटींवर डॉलर पदरचे घातले. मतं १८.९ टक्के, म्हणजे जवळपास दोन कोटी. मेन राज्यात बुशच्या पुढे, युटा राज्यात क्लिंटनच्या पुढे, पण पहिला कुठेच नाही. तिकडे अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांचे निर्वाचक, आणि त्यांची मतं बहुतेक राज्यांत पहिल्या आलेल्यालाच जातात. त्यामुळे निर्वाचकांचं एकही मत नाही. त्यानं बुशची मतं खाल्ली असं अजून ऐकू येतं. मतदान करून बाहेर पडलेल्यांच्या पाहणीत मात्र त्याचे मतदार दोघांकडे सारखेच गेले असते, असं दिसलं.

१९९६ला रिफॉर्म पार्टी काढून आला. या वेळी निवडणूक निधी सरकारचा घेतला, वादविवादात त्याला बोलावलंच नाही, आणि मतं ८.४ टक्क्यांवर आली.

वहिनी म्हणाल्या, अपक्ष उभ्या राहणाऱ्या तुमच्या त्या कारखानदाराच्या उमेदवारी अर्जावर सूचक व्हायचं तू ठरवलंयस. लोकसभेला अपक्षाला दहा सूचक लागतात, त्यातला एक तू. हो खुशाल. फक्त पत्रकं छापायला टाकायची ती अर्ज मागे घेण्याची तारीख उलटल्यावर टाक.

तुझा,
श्रीकांत