युद्ध संपवणाऱ्या बॉम्बविषयी : एका सैनिकाच्या आईचे मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

९ ऑगस्टला क्रांती दिनानिमित्त आपण आमच्या तालुक्याच्या गावी आलात, हुतात्म्यांच्या कुटुंबीयांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केलात आणि नंतरच्या भाषणात माझ्या मुलाचे नाव घेतलेत. मी पहिल्या रांगेत बसले होते. अमेरिकेने जपानवर दोन बॉम्ब टाकले म्हणून युद्ध थांबले आणि लाखो सैनिकांचे प्राण वाचले, असे आपण म्हणालात. आपल्याकडेही ब्रह्मास्त्र आहे, ते वापरण्याची हिंमत दाखवली असती तर या माउलीचा मुलगा आज तिच्या शेजारी बसला असता, असेही म्हणालात. मंडपात टाळ्या वाजल्या. मी गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याला कोणी माझी संमती समजू नये म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

माझी सारी नोकरी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. त्यामुळे आपण ज्या तारखेला हे बोललात तिचे आणखी एक महत्त्व मला माहीत आहे. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर दुसरा बॉम्ब पडला. त्या दिवशीचे पहिले लक्ष्य कोकुरा हे शहर होते. तिथे ढग आणि धूर यांमुळे काही दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळले. एका शहराची लेकरे जगली आणि दुसऱ्याची गेली, ती आकाशात ढग कुठे होते यावरून. हिरोशिमा आणि नागासाकी मिळून त्या वर्षअखेरीपर्यंत मेलेल्यांचा अंदाज दोन लाखांच्या वर जातो. हा दुसरा बॉम्ब टाकण्याआधी पहिल्याचा परिणाम काय झाला हे पाहून कोणी नव्याने विचार केला, असेही नाही. २५ जुलैच्या एकाच आदेशात पहिल्या बॉम्बची परवानगी होती आणि पुढचे बॉम्ब तयार होतील तसे टाकण्याचीही होती.

आपल्या म्हणण्यामागचा युक्तिवाद मला ठाऊक नाही असे समजू नका. ओकिनावाच्या लढाईत बारा हजारांवर अमेरिकन सैनिक पडले, जपानी सैनिक आणि बेटावरचे सामान्य लोक त्याच्या कित्येक पटींनी मेले. नोव्हेंबरमध्ये क्यूशू बेटावर सैन्य उतरवायचे ठरले होते आणि तिथेही असेच होईल ही भीती खरी होती. चीनमध्ये, आग्नेय आशियात, आपल्या अंदमानातसुद्धा जपानी सैन्याने निरपराध माणसे मारली होती आणि युद्ध लांबले असते तर तेही लांबले असते. मुलगा आघाडीवर असलेल्या अमेरिकन आईने ऑगस्ट १९४५ मध्ये सुटकेचा श्वास घेतला असेल, तर तिला दोष देणारी मी कोण? माझा मुलगा सीमेवर असताना मध्यरात्री फोन वाजला की माझ्या पायांतले बळ जात असे. त्या घटकेला कोणी विचारले असते की तुझ्या मुलाच्या बदल्यात समोरचे एक शहर देतेस का, तर मी काय उत्तर दिले असते हे मी सांगू शकत नाही. म्हणूनच असा प्रश्न आईला विचारायचा नसतो, आणि तिचे उत्तर गृहीत धरून सभेत सांगायचे तर त्याहून नसते.

परंतु इतिहास सांगायचा तर पुरता सांगायला हवा. दहा लाख अमेरिकन सैनिक वाचले, हा आकडा सर्वतोमुखी झाला तो युद्धानंतर. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी १९४७ च्या आपल्या लेखात, चढाई झाली असती तर दहा लाखांवर अमेरिकन सैनिक बळी पडतील असे आपल्याला सांगण्यात आले होते, असे लिहिले. त्या बळींत मृतांसोबत जखमीही धरलेले होते. जून १९४५ मध्ये लष्करी नियोजनकारांच्या एका समितीने काढलेल्या अंदाजात सर्वांत वाईट शक्यतेतही मृतांचा आकडा ४६ हजार होता. अमेरिकेच्याच बॉम्बहल्ल्यांच्या सर्वेक्षणाने १९४६ मध्ये लिहून ठेवले की, बॉम्ब पडले नसते, रशिया युद्धात उतरला नसता आणि चढाईची योजनाही नसती, तरी ३१ डिसेंबर १९४५ पूर्वी जपान शरण आला असता. या निष्कर्षावर इतिहासकारांत अजून वाद आहे आणि तो मी लपवत नाही. पण ८ ऑगस्टला रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारले, ही गोष्ट आपल्या भाषणात कुठेच नव्हती. ९ ऑगस्टला जपानच्या युद्धमंडळात तीन विरुद्ध तीन अशी फूट पडली होती आणि सम्राटाने कौल दिल्यावर कोंडी सुटली, हेही नव्हते. सम्राटपद राखण्याची हमी हवी म्हणून जपान अडून बसला होता. शरणागतीनंतर तेच सम्राटपद अमेरिकेने राखू दिले. मग ही हमी जुलैमध्ये देऊन पाहायला काय हरकत होती, हा प्रश्न तेव्हा अमेरिकेच्या सरकारातल्याच जबाबदार माणसांनी विचारला होता. बॉम्ब बनवण्याच्या कामातले लिओ झिलार्ड आणि त्यांचे सुमारे सत्तर सहकारी यांनी तर जुलैमध्येच अर्ज लिहून नैतिक जबाबदारीची आठवण करून दिली होती.

आणि आकडे बाजूला ठेवले तरी एक प्रश्न उरतो, ज्याच्यासाठी मी मुख्यतः हे लिहीत आहे. सैनिक कशासाठी असतो? शत्रूची गोळी गावातल्या लेकराला लागू नये म्हणून तो मध्ये उभा राहतो. माझ्या मुलाने गणवेश चढवला तेव्हा हाच करार केला होता आणि मी डोळ्यांतले पाणी आवरून त्याला निरोप दिला, तो याच करारावर विश्वास ठेवून. सैनिक वाचावा म्हणून लेकरांना मारायचे असेल तर तो करार उलटा होतो. मग लेकरे सैनिकाच्या पुढे ढालीसारखी उभी राहतात. आमच्याच खान्देशात वरणगावच्या कारखान्यात काडतुसे तयार होतात आणि तिथे राबणाऱ्या कामगारांचा मला अभिमान आहे. ते काडतूस बंदुकीत भरणारा जवान समोर कोण आहे हे पाहून नेम धरू शकतो आणि हात वर केलेल्यावर झाडायचे नाही हे ठरवू शकतो. शहरावर टाकलेल्या अणुबॉम्बाला असा नेम नसतो.

६ ऑगस्ट १९४५ रोजी, पहिला बॉम्ब पडला त्या दिवशी, हिरोशिमात काय चालले होते हे आपण कधी वाचले आहे काय? बॉम्बहल्ल्याची आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे काढण्याचे काम सुरू होते, आणि त्यासाठी शाळांतली बारा-तेरा वर्षांची मुले-मुली सकाळीच उघड्यावर कामाला लावली होती. आठ वाजून पंधरा मिनिटांनी बॉम्ब फुटला आणि त्यांतली सहा हजारांहून अधिक मुले मेली. ही सातवी-आठवीची मुले होती, मंत्रिमहोदय. याच वर्गांना मी आयुष्यभर शिकवले. नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा हातात घेतलेला शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले, त्या पाच कोवळ्या पोरांना हा जिल्हा आजही विसरलेला नाही आणि त्या गोळीबाराला कोणत्याही कारणासाठी योग्य म्हणणारा माणूस इथे उभा राहू शकणार नाही. त्याच जिल्ह्यात, त्याच क्रांतीच्या नावाने भरलेल्या सभेत, हजारो शाळकरी मुलांच्या मरणाला आपण हिंमत म्हणालात.

आपण ब्रह्मास्त्राचे नाव घेतलेत. ते आमच्यासमोर घ्यायला नको होते, कारण ते वापरणारा आमच्याच सातपुड्यात भटकतो अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. दिवाळीत धडगाव तालुक्यातल्या अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रा भरते, अनवाणी चढून लोक वर जातात. तो अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो असे माझ्या आजीने मला सांगितले आणि मी माझ्या मुलाला सांगितले. त्याचा अपराध कोणता होता? युद्धाचा निकाल लागलेला असताना त्याने रात्री झोपलेल्यांना कापले, आणि अस्त्र सोडल्यावर ते परत घेता येईना तेव्हा ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवले. अर्जुनानेही तेच अस्त्र सोडले होते. व्यास आणि नारद मध्ये उभे राहिले तेव्हा त्याने ते आवरले. जिथे असे अस्त्र अस्त्राला भिडते त्या देशात बारा वर्षे पाऊस पडत नाही, असे महाभारतच सांगते. खान्देशातल्या कोरडवाहू शेतकऱ्यापुढे असल्या अस्त्राचा गौरव करताना या बारा वर्षांची आपल्याला आठवण झाली नाही. आणि गर्भांविषयी म्हणाल तर हिरोशिमा-नागासाकीत आईच्या पोटात किरणोत्सर्ग सोसलेली कित्येक बाळे लहान डोक्याची आणि मंदबुद्धी जन्मली, हे पुढे डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. त्यांतल्या कोणत्या बाळाने युद्ध पुकारले होते?

समजा, हे सारे आपण भावनेच्या भरात बोललात. तरी मंत्रिपदावरच्या माणसाला व्यवहार कळायला हवा. १९४५ मध्ये जपानकडे अणुबॉम्ब नव्हता. आज आपल्याकडे आणि शेजाऱ्याकडे प्रत्येकी दीडशेहून अधिक अण्वस्त्रे असल्याचा अंदाज आहे. आपण टाकलेल्या पहिल्या बॉम्बने युद्ध संपणार नाही, खरे युद्ध तिथून सुरू होईल. हिरोशिमात लष्करी मुख्यालय आणि रसद होती म्हणून ते लष्करी लक्ष्य ठरवले गेले. भुसावळला रेल्वेचे मोठे जंक्शन आहे, दारूगोळ्याशी संबंधित कारखाना आहे, जवळच दीपनगरचे वीजकेंद्र आहे. आपल्याच तर्काने पलीकडच्या एखाद्या मंत्र्याला भुसावळ हे युद्ध लवकर संपवणारे लक्ष्य वाटू शकते आणि तिकडच्या मंडपातही टाळ्या वाजू शकतात.

हिरोशिमात नव्वद टक्क्यांहून अधिक डॉक्टर आणि परिचारिका एका दिवसात मेल्या किंवा जखमी झाल्या. इथे तर एकही बॉम्ब पडलेला नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी स्टोव्हच्या भडक्यात भाजली तेव्हा तिला तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून सुरतेला हलवावे लागले. ती वाचली नाही. एका भाजलेल्या मुलीला जवळ खाट मिळत नाही अशा मुलखात येऊन ज्या सरकारचा मंत्री हजारो लोकांना भाजणाऱ्या अस्त्राच्या गोष्टी करतो, त्या सरकारला माणसाच्या जिवाची किंमत कळते असे मी कसे मानावे? हे फक्त आपल्या पक्षाचे नाही. माझ्या आयुष्यात सगळ्या पक्षांची सरकारे आली, सगळ्यांनी सैनिकाच्या नावाने मते मागितली, आणि सैनिकाचे घर मागे राहिले ते राहिलेच.

माझ्या घराचेही सांगते, कारण ते आपल्यालाच माहीत असायला हवे. माझ्या मुलाच्या अंत्यविधीला आपण आलात, साऱ्या गावासमोर माझ्या सुनेला नोकरी आणि गावाला त्याच्या नावाची अभ्यासिका देण्याचा शब्द दिलात. त्यानंतर सूनबाई लेकराला कडेवर घेऊन संबंधित कार्यालयाच्या पायऱ्या चढत राहिली. तिथे एकदा तिला विचारण्यात आले की, मंत्री सभेत बोलले ते लेखी कुठे आहे. ती घरी येऊन काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली. अभ्यासिकेच्या जागेवर बाभळी वाढल्या आहेत. मेलेल्या मुलाच्या बायकोला दिलेला शब्द ज्यांना पाळता आला नाही, त्यांनी तो मुलगा कसा वाचला असता हे त्याच्या आईला सांगू नये.

आपल्या देशाचे अधिकृत धोरण आपण मोडीत काढता आहात, याचीही आपल्याला पर्वा दिसली नाही. ४ जानेवारी २००३ रोजी केंद्र सरकारने अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचे धोरण जाहीर केले आणि ते आजही कायम आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे हा विषय आला तेव्हा अण्वस्त्रांचा वापर बेकायदा ठरावा अशी बाजू भारताने मांडली होती. १९९६ च्या त्या सल्ल्यात न्यायालयाने असा वापर सर्वसाधारणपणे युद्धाच्या मानवी नियमांविरुद्ध ठरेल असे म्हटले, मात्र देशाच्या अस्तित्वावरच घाला आला असताना काय, यावर ते निश्चित निर्णय देऊ शकले नाही. एवढ्या नाजूक जागी जगातले न्यायाधीश थबकले. दोन बॉम्बांची ती भयंकर गोष्ट आपण दोन वाक्यांत उरकलीत.

माझे मागणे एवढेच आहे. ते विधान आपण जाहीरपणे मागे घ्यावे, त्याच तालुक्यात, त्याच लोकांसमोर. आणि प्रथम वापर न करण्याचे सरकारी धोरण तिथे आपल्या तोंडाने सांगावे. माझ्या मुलाचे नाव किंवा छायाचित्र यापुढे आपल्या कोणत्याही सभेत, फलकावर वा प्रचारात वापरू नये. सुनेच्या नोकरीचे आणि अभ्यासिकेचे काय झाले ते लेखी कळवावे. होणार नसेल तर होणार नाही असे स्पष्ट लिहावे, म्हणजे तिच्या खेपा तरी थांबतील. आपण दिलेली शाल आपल्या संपर्क कार्यालयात पोचती केली आहे. उत्तर येईपर्यंत मी कोणत्याही सरकारी सत्काराला येणार नाही.

आपली,
एका सैनिकाची आई, निवृत्त शिक्षिका
शहादा तालुका, जि. नंदुरबार