शेवटच्या आठवड्यांत झोपू द्या

महोदय,
सीए फायनल जवळ आली की आमच्या ऑफिसातली आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्याआधीचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण घेणारी, मुलं रात्री तीन-तीनपर्यंत जागतात आणि वर ते अभिमानानं सांगतातही. मी स्वतः सीए. सवड मिळेल तसा यवतेश्वरच्या घाटात धावतो. ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनची तयारी करणारा कुणी रोज ४२ किलोमीटर पळत नाही. आठवड्यातून एकदा लांब पल्ला, बाकी दिवस बेताचं, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर मुद्दाम कमी. आमची मुलं नेमकं उलटं करतात. पेपर दुपारी दोनला, सहावा तर चार तासांचा. पण भर दुपारी सलग बसून, पेनानं, अख्खा पेपर घरी लिहिलाय कितीजणांनी? दुप्पट वेगानं व्हिडिओ पाहणं म्हणजे सराव नव्हे. हात भरून येतो तो तिसऱ्या तासाला, आणि कन्सॉलिडेशनचं (मूळ आणि उपकंपन्यांचे हिशेब एकत्र करण्याचं) गणित तिथंच अर्धवट राहतं. (रंगीत वेळापत्रकांबद्दल न बोललेलंच बरं.) दर रविवारी एक पूर्ण पेपर दुपारी दोनलाच सोडवावा. आणि आम्ही फर्मवाल्यांनी परीक्षेच्या रजेवरच्या मुलांना ‘जीएसटीचं एवढं एक रिटर्न भरून जा’ म्हणून फोन करू नयेत.

— एक सनदी लेखापाल, सातारा