कोंबड्यांसाठी कुंपण किती उंच हवे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परसातील कुक्कुटपालनाविषयी आपल्या दैनिकात अलीकडेच आलेला लेख वाचला. कोणती जात घ्यावी, लसी कधी टोचाव्यात, खाद्य किती द्यावे, हे सगळे त्यात नीट मांडले होते. परंतु कोकणात परसात कोंबड्या सोडणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात ज्या प्रश्नाला तोंड द्यावे लागते, त्या कुंपणाच्या उंचीबद्दल लेखात एक ओळही नव्हती. शेजाऱ्याच्या लाल माठाच्या वाफ्यात आपल्या कोंबड्या उतरल्या की त्या कोणत्या जातीच्या आहेत हे कोणी विचारत नाही, म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे घराभोवती जांभ्या दगडाचा जो गडगा असतो, तो मुळात गुरे अडवण्यासाठी रचलेला असल्यामुळे छातीच्या वर सहसा जात नाही. अंगाने हलकी असलेली गावठी कोंबडी चार फुटांचा असा गडगा सहज पार करते. मात्र ती एका झेपेत पलीकडे जात नाही. आधी गडग्याच्या माथ्यावर उडून बसते, मान वाकडी करून पलीकडचा अंदाज घेते आणि मगच खाली उतरते. तिला वर पाय टेकायला जागा दिसली पाहिजे, हे ज्याच्या ध्यानात येत नाही तो दगडांचे आणखी दोन थर चढवतो आणि कोंबडीला बसायला जरा उंचावर ओटा बांधून देतो. शिवाय गडगा सामाईक असेल, तर त्यावर दगड ठेवताच हद्दीचा वाद उभा राहतो आणि कोंबड्यांचे भांडण तलाठ्याच्या दारात जाते. कोकणात राहणाऱ्यांना हे अधिक सांगायला नको.

त्यापेक्षा गडग्याच्या आतल्या अंगाला, आपल्याच जमिनीत, सहा-सात फूट उंचीचे चिव्याच्या बांबूचे खांब रोवून त्यांवर मासेमारीचे जुने जाळे बांधणे स्वस्त पडते आणि उपयोगीही ठरते. या जाळ्याची वरची कड खांबांना बांधताना थोडी सैल सोडावी, आणि दोन खांबांच्या मध्ये वरून आडवी काठी कदापि बांधू नये, कारण ती काठी हीच कोंबडीची बैठक होते. सैल कडेवर पाय ठरत नाही, तेव्हा दोन-चारदा प्रयत्न करून पक्षी नाद सोडतात. शेडनेट किंवा नारळाच्या विणलेल्या पात्यांची झापे बांधली तर पावसाळ्यातल्या वाऱ्यात ती खांबांसकट आडवी होतात; जाळ्यातून वारा निघून जातो. जाळे मात्र जमिनीपर्यंत सोडू नये. नायलॉनच्या जाळ्यात धामण अडकली की बाहेर पडू शकत नाही, आणि परसातल्या उंदरांचा बंदोबस्त करणारा साप आपणच मारल्यासारखे होते. खालचे काम गडग्यानेच करावे.

एवढे करूनही कोंबड्या बाहेर दिसल्या, तर कुंपणाला टेकून रचलेली लाकडे, गवताची उडवी किंवा बाहेर झुकलेली पेरूची फांदी पाहावी. जमिनीवरून जिला सहा फूट जमत नाहीत, ती लाकडांच्या ढिगावरून आरामात जाते.

पंख कातरण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. एकाच बाजूच्या पंखाची टोकाकडची दहा मोठी पिसे कातरली की पक्ष्याचा तोल जातो आणि त्याला उंच उडता येत नाही, हे खरे आहे. पण पिसे झडून नवी आली की तेच काम पुन्हा करावे लागते, आणि नव्या, रक्त असलेल्या पिसाला कात्री लागली तर रक्तस्राव होतो. माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. कुत्रा किंवा मुंगूस आत शिरल्यावर झाडावर उडून बसणे एवढाच कोंबडीचा बचाव असतो आणि तोच आपण काढून घेतो. म्हणून आधी कुंपण उंच करावे आणि ते करूनही न ऐकणाऱ्या एखाद-दुसऱ्या कोंबडीपुरतीच कात्री हातात घ्यावी.

शेजाऱ्याला कायद्याचाही फारसा आधार नाही. गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या १८७१ च्या कायद्यात गुरांच्या व्याख्येत हत्ती आहेत, उंट आहेत, डुकरे आणि शेळ्याही आहेत, कोंबडी नाही. त्यामुळे तिला कोंडवाड्यात घालता येत नाही आणि प्रकरण बोलाचालीवर, क्वचित दगडावर जाते. जूनमध्ये भाताचा तरवा, म्हणजे रोपांसाठीचे बी, पेरल्यावर तर हे हमखास घडते, कारण उकरलेल्या ओल्या मातीतले दाणे कोंबडीला लांबूनही दिसतात.

शासनाच्या एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रमात आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगांचे (वाढत्या वयाच्या कोंबड्यांचे), २५ माद्या आणि ३ नर असे गट पन्नास टक्के अनुदानावर दिले जातात. या गटाच्या किमतीत खाद्य, औषधे, खाद्याची भांडी आणि रात्रीचा निवारा धरलेला आहे, कुंपण धरलेले नाही. वनराजा किंवा गिरिराजासारख्या सुधारित जातींचे पक्षी पूर्ण वाढल्यावर जड होतात आणि फारसे उडत नाहीत, हा त्यामागचा विचार असेल तर तो अर्धाच बरोबर आहे. हेच पक्षी दहा आठवड्यांचे असताना हलके असतात आणि चांगले उडतात, म्हणजे लाभार्थ्याच्या परसात येतात तेव्हाच त्यांना उंच कुंपणाची सर्वाधिक गरज असते. निवाऱ्याच्या रकमेसोबत जाळे आणि खांब यांसाठी थोडी तरतूद करावी, तसेच गट ताब्यात देण्यापूर्वी पशुधन पर्यवेक्षकांनी लाभार्थ्याचे कुंपण एकदा पाहून घ्यावे, अशी आपल्या दैनिकामार्फत पशुसंवर्धन विभागाला विनंती आहे. वाटप पावसाळ्याच्या तोंडावर न करता भातकापणीनंतर केले, तर पुढचा तरवा पेरेपर्यंत कुंपण उभे करायला सर्वांनाच पुरेसा अवधी मिळेल.

आपला,
एक वाचक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग