पित्ताचे खडे, हृदय आणि गॅसची गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पित्ताचे खडे असलेल्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, अशी चार ओळींची बातमी आपल्या अंकात आली. दुसऱ्याच दिवशी माझ्या मेडिकलच्या काउंटरवर दोघे जण सोनोग्राफीचे रिपोर्ट घेऊन हजर. एकाचा प्रश्न, ‘खडे काढले म्हणजे अटॅक येणार नाही ना?’ दुसऱ्या बाईंना वाटत होते की खडा सरकत सरकत हृदयात जातो. चार ओळींत याहून वेगळे काय समजणार?

त्या बातमीमागचा अभ्यास २०१६ सालचा, अमेरिकेतला. तिथल्या अडीच लाखांहून अधिक परिचारिका आणि आरोग्य क्षेत्रातल्या लोकांच्या तीस वर्षांपर्यंतच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. (त्यात फार्मासिस्टही होते, म्हणून मला जरा जास्तच आपुलकी.) आधीचे काही अभ्यास त्यात मिळवल्यावर, खडे असलेल्यांत हृदयविकार सुमारे २३ टक्क्यांनी जास्त आढळला. म्हणजे खडे नसलेल्या शंभरांत दहा जणांना होत असेल, तर खडेवाल्या शंभरांत बाराएक जणांना. खड्यामुळेच अटॅक येतो किंवा तो काढल्याने टळतो, असे यातून सिद्ध होत नाही. बरेचसे खडे कोलेस्टेरॉलचेच असतात. वाढलेले वजन आणि साखर दोन्ही दुखण्यांना खतपाणी घालतात. पण गंमत अशी की लठ्ठपणा, मधुमेह किंवा बीपी नसलेल्यांत हा संबंध जास्त ठळक दिसला. ‘मी तर काटकुळा’ म्हणणाऱ्यांनीही खडे निघाल्यावर बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल एकदा तपासून घ्यावे.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट. गेल्या वैशाखात रात्री शटर अर्धे ओढले होते, तेवढ्यात ओळखीचे एक अप्पा आले. हळदीच्या पंगतीत वरण-बट्टी, वर तुपाची धार. उपरणे घामाने चिंब, हात छातीखाली दाबलेला. ‘काही नई भो, गॅस व्हयना. गोयी दे.’ त्यांना पित्ताचे खडे होते, वर्षभर तीच गोळी ते माझ्याकडून नेत होते आणि मीही निमूट देत होतो. त्या रात्री तो घाम पाहून हात थबकला. रिक्षात घालून दवाखान्यात नेले. ईसीजीत हृदयविकाराचा झटका निघाला.

खड्याची कळ बहुधा तेलकट-तुपकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठते, पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते. पण ती छातीखाली मधोमधही येते, आणि हृदयाचे दुखणेही कधीकधी तिथेच. माझ्यासारख्या दुकानदाराला काउंटरवरून फरक कळत नाही. ईसीजी पाच मिनिटांत निघतो. वरून पानफुटी आणि कुळथाचा काढा, हे मूतखड्याचे उपाय आमच्याकडे पित्ताच्या खड्यालाही चालवतात. त्यात नुसते दिवस जातात.

पुढच्या वेळी अशी बातमी छापताना एखाद्या स्थानिक डॉक्टरांचे दोन शब्द सोबत द्यावेत, एवढीच विनंती.

अप्पा आता बरे आहेत. खडे मात्र अजून आतच आहेत. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्याने डॉक्टरांनी ते ऑपरेशन पुढे ढकलले आहे.

आपला,
एक औषधविक्रेता, अमळनेर (जि. जळगाव)